उपासाची चिलापी

भोरमध्ये खोली भाड्याने जायची एक ठरलेली वेळ होती. मी आडनाव सांगितलं, की ती कालच कुणाला तरी दिलेली असायची.

ही सत्तर सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली गोष्ट. भोरच्या एका हायस्कुलात मी प्रयोगशाळा सहायक म्हणून नुकताच लागलो होतो. काम काय, तर परीक्षानळ्या धुवायच्या, बेडूक पुरवायचे आणि सांगाड्यावरची धूळ झटकायची. गाव विंझरजवळचं, घरी थोडी भातखाचरं. आम्ही बौद्ध. वडिलांच्या पिढीने धर्म बदलला होता, पण भोरच्या घरमालकांनी आमच्याविषयीचं मत बदलायचं मनावर घेतलं नव्हतं. मी नऊ घरं पालथी घातली. एका घरी चहा अर्धा झाल्यावर आडनाव विचारलं गेलं, आणि उरलेला अर्धा कप कसा संपवावा ते ना त्यांना कळेना, ना मला.

शेवटी हेडमास्तरांनी शब्द टाकला आणि एका निवृत्त नाझरांच्या परसातली पत्र्याची खोली मिळाली. नाझर म्हणजे कोर्टाच्या जप्त्या बजावणारा, घरांचे ताबे घेणारा-देणारा अंमलदार. यांनी संस्थानच्या काळात नोकरी धरली आणि स्वराज्यात सोडली. देवधर्म त्यांनी बायकोवर सोपवला होता. त्यांचा स्वतःचा धर्म कायदा. कायद्याने मला नाही म्हणता येत नाही म्हणून ते हो म्हणाले, आणि लगोलग स्टँपपेपरवर अटी लिहून घेतल्या. भाडेकरू एकटा राहील. जागेत मांस, मच्छी, अंडी आणणार नाही वा शिजवणार नाही. बाहेर खाल्ल्यास चूळ भरून आत येईल. सही करताना मला हसू येत होतं, पण नऊ घरं आठवून मी ते गिळलं.

त्यांच्या पत्नीला मी काकू म्हणे. काकू साठीच्या, ठेंगण्या, सदा तुरुतुरु चालणाऱ्या. महिन्यात त्यांचे जेवायचे दिवस कमी आणि उपासाचे जास्त. मला त्या कधी वावगं बोलल्या नाहीत. आडाचं पाणी त्या मला वरून ओतून द्यायच्या. रहाटाला हात लावू नका असं कुणी म्हणालं नाही, पण दोर कधी माझ्या हातात आला नाही. खोलीच्या पायरीपर्यंत यायच्या, उंबरा ओलांडायच्या नाहीत. मला त्या मास्तर म्हणायच्या. मी मास्तर नव्हतो, पण माणसाला काहीतरी म्हणायला हवं आणि आडनाव तर उच्चारायचं नव्हतं. हे सगळं मला कळत होतं आणि त्याचा रागही यायचा. पण राग ठेवायला आधी खोली लागते.

आणि मला खोली हवीच होती. माझी बायको तेव्हा पासलीच्या वरच्या अंगाला, डोंगरात, माहेरी होती. आदल्या वर्षी पावसात ओढा चढला, तिची डोली पलीकडच्याच काठाला अडकली, आणि आमचं पहिलं मूल दवाखाना न पाहताच गेलं. आता पुन्हा दिवस होते. आश्विनात वेळ यायची होती. आश्विनात पाऊस सरतो असं पंचांगात असतं, पण त्या डोंगरात पाऊस पंचांग वाचत नाही. या खेपेला मला ती भोरात, सरकारी दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर हवी होती. त्यासाठी ‘भाडेकरू एकटा राहील’ ही अट नाझरांकडून सोडवून घ्यायची होती. मी त्यांचा चांगला मूड बघत होतो, तेवढ्यात मासे आले.

शाळेची तपासणी जवळ आली होती आणि हेडमास्तरांच्या डोक्यात प्रयोगशाळेत मत्स्यालय करायचं आलं. लोखंडी अँगलची चौकट करून घेतली, खिडक्यांच्या काचा बसवणाऱ्याकडून लांबी, म्हणजे काचेची पुट्टी, भरून काचा बसवल्या. आठ दिवस ती टाकी गळली आणि मग आपोआप गळायची थांबली. मासे आणायला मला पुण्याला पाठवलं. सहा सोनेरी मासे घेतले. दुकानदाराने वर दोन राखाडी मासे घातले. म्हणाला, हे आफ्रिकेचे, दिसायला साधे, पण मरायचे नाहीत. दुधाच्या बरणीत घालून, बरणी मांडीवर धरून एसटीने आणले. नसरापूरच्या फाट्याशी कंडक्टरने आत डोकावून विचारलं, खायचे का बघायचे. बघायचे म्हटल्यावर त्याचा माझ्यातला रस संपला.

चार दिवसांत सोन्याचं वाटोळं झालं. पहिल्याची शेपटी गेली, दुसऱ्याचा डोळा, तिसरा सकाळी तरंगताना दिसला. दोघा आफ्रिकनांपैकी मोठा जो होता, तो दुसऱ्याच्या अंगावर विनाकारण जायचा आणि परत जागेवर येऊन काहीच न झाल्यासारखा उभा राहायचा. इन्स्पेक्टर आले त्या दिवशी टाकीत ते दोन आणि एका सोनेरी माशाचा पुढचा अर्धा भाग, एवढंच शिल्लक होतं. त्यांनी विचारलं, हे काय आहे. आमचे विज्ञानाचे सर म्हणाले, जीवनसंघर्ष. इन्स्पेक्टरांनी ते वहीत लिहून घेतलं की काय कुणास ठाऊक, पण ते गेल्यावर हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की हे दोन गुंड उद्या शाळेत दिसता कामा नयेत. मारायचं माझ्या जिवावर आलं. हातगाडीवर टाकी घातली आणि घरी नेली. त्या वेळी स्टँपपेपरची आठवण मला झाली नाही, ही माझी चूक.

खोलीला परसाकडे एक खिडकी होती, उजेड तिथंच, म्हणून टाकी तिथं ठेवली. आता हे मासे नेमके कोण, हे शोधायचं मी मनावर घेतलं. विज्ञानाच्या सरांकडे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक होतं. त्यातली चित्रं काळी-पांढरी, आणि आफ्रिकेचे सगळे मासे एका आईची लेकरं असल्यासारखे दिसत. सरांनी दोन खुणा वाचून दाखवल्या. बहुतेक माशांना नाकाच्या दर बाजूला दोन भोकं असतात, या सिक्लिड नावाच्या कुळाला एकेकच. आणि अंगावरून शेपटीकडे जाणारी जी बारीक रेघ असते ती यांची मध्येच तुटते आणि थोडी खाली उतरून पुन्हा सुरू होते. मी शाळेचं भिंग आणून दोन दिवस संध्याकाळी नाकपुड्या मोजल्या. मोठा मासा भिंगावर धडका मारायचा, त्यामुळे त्याची एकेक नाकपुडी मला तीन-तीनदा मोजावी लागली. पण दोन भरल्या. रेघही तुटलेली निघाली. कुळ लागलं, त्यापुढचं नाव काही लागेना. सर रोज नव्या चित्रावर बोट ठेवायचे. शेवटी शाळेतल्या सवयीने मी चिठ्ठी लिहून काचेवर डकवली: ‘आफ्रिकन सिक्लिड, एक जोडी’.

ती चिठ्ठी नाझरांनी खिडकीतून वाचली. चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली, आणि घरात जाऊन स्टँपपेपर घेऊन आले. मच्छी आणणार नाही असं तुम्ही लिहून दिलंय, असं ते म्हणाले. मी म्हटलं, हे खायचे नाहीत, जिवंत आहेत. ते म्हणाले, कलमात जिवंत आणि मेलेली असा भेद केलेला नाही. मी म्हटलं, आत्ता नेऊन नदीत सोडतो. त्यावर ते शांतपणे म्हणाले, अटभंग झाला तो झाला, मासे काढल्याने भंग भरून येत नाही. पंधरा दिवसांची मुदत दिली. मला वाटलं गंमत करतायत, पण त्या माणसाने हयातीत कधी गंमत केली नव्हती.

मी पुन्हा खोल्या बघायला लागलो. पुन्हा सगळ्या कालच गेलेल्या. बायकोला कार्ड टाकायला घेतलं आणि काय लिहावं ते कळेना म्हणून तसंच ठेवलं.

इकडे टाकीत वेगळीच दांडगाई सुरू होती. मोठा मासा बघता बघता काळाकुट्ट झाला, हनुवटी तेवढी पांढरी, परांच्या कडा लाल. कोपऱ्यातली वाळू तोंडाने उपसून त्याने ताटलीएवढा खळगा केला आणि तिथं कुणी फिरकलं की तुटून पडायचा. फिरकणार कोण, तर ती एकटी बिचारी मादी. कधी ती सापडली नाही तर तो काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाशी भांडायचा. नाझर रोज खिडकीशी उभे राहून हे पाहू लागले. जन्मभर लोकांच्या घरांचे ताबे घेतलेला माणूस तो, त्यांना तो काळा मासा मनापासून आवडला. ताबा कसा घ्यावा आणि घेतल्यावर कसा राखावा, हे याच्याकडून शिकावं, असं त्यांनी मला सुनावलं. मला जागा सोडायला सांगून वर हे.

श्रावण लागला आणि मादीने खाणं सोडलं. मी कणकेच्या गोळ्या टाकायचो, काळा सगळ्या फस्त करायचा. ती कोपऱ्यात, तोंड घट्ट मिटून, जागच्या जागी. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मला वाटलं आजारी पडली. माझ्याआधी हे काकूंच्या लक्षात आलं होतं, कारण तुळशीला पाणी घालताना ती खिडकी त्यांच्या नजरेसमोरच यायची. पाचव्या दिवशी त्या पायरीशी आल्या आणि हलक्या आवाजात विचारलं, ही कधीपासून जेवली नाही. मी म्हटलं, प्रतिपदेपासून. काकूंनी हात जोडले.

“श्रावण पाळतेय ती,” त्या म्हणाल्या. “आणि मौनसुद्धा.”

दुपारपर्यंत आळीत बातमी पसरली. बायका परसात येऊन खिडकीतून पाहू लागल्या. कुणी म्हणे पूर्वजन्मीची कुणी व्रतस्थ बाई, कुणी म्हणे आफ्रिकेतसुद्धा श्रावण असतोच की. सोमवारी एकीने हात घालून काचेला हळदकुंकू लावलं. उपासाला चालेल म्हणून भिजवलेला साबुदाणा आला, शेंगदाण्याचं कूट आलं, राजगिऱ्याचा लाडू आला. मादी ढुंकून बघेना, यावर बायकांचं एकमत झालं की उपास निर्जळी असावा. माशाचा निर्जळी उपास म्हणजे काय, हा प्रश्न कुणालाच पडला नाही. प्रसाद सगळा काळा खायचा, आणि नवरा तो नवराच, असं म्हणून बायका त्याच्याकडे रागाने बघायच्या.

पंधरा दिवसांची मुदत संपायला आली तेव्हा काकू नाझरांना माझ्या देखत म्हणाल्या की श्रावणात उपाशी जिवाला घराबाहेर काढायचं नाही, सात जन्म पाप लागेल. नाझर म्हणाले, मासा राहू दे, भाडेकरू जाऊ दे. काकू म्हणाल्या, मग पाणी कोण बदलणार, तुम्ही? नाझरांनी काळ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि निकाल दिला: व्रत पुरं होईपर्यंत प्रकरण तहकूब. काकू मला दोन घागरी पाणी ओतायच्या, त्या दिवसापासून माशांसाठी चार ओतू लागल्या.

मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण तो फार दिवस टिकला नाही. आठवड्याच्या बाजारात भाजी घेऊन येत होतो. वाटेत गावाजवळच्या धरणावरची एक मासेवाली बसते, तिच्या पाटीत माझा मासा पडला होता. तोच काळा रंग, तीच पांढरी हनुवटी, लाल कडा. एक नव्हे, ढीग. मी खाली बसून नाकपुड्या मोजल्या. दोनच. मासेवालीला वाटलं मी ताजेपणा बघतोय.

“चिलापी हाय,” ती म्हणाली. “धरणात लई झालीया. घ्या की, सस्त्यात लावते.”

आता माझी मलाच लाज वाटली. चिलापी मी काय कमी खाल्ली होती? पण ताटात मासा मसाला लावून येतो, नाकपुड्या कोण मोजतो. आफ्रिकेहून कुणीतरी कधीतरी आणून धरणात सोडलेली चिलापी मी पुण्याहून मांडीवर बसवून पुन्हा भोरात आणली होती. मी तिला सहज विचारलं, हिची मादी खाणं का सोडते. ती हसायला लागली.

“उपाशी न्हाई ती, लेकुरवाळी हाय. अंडी, पोरं समदी तोंडात धरती. पंधरा-ईस दिस काय बी खात न्हाई, गळाला बी लागत न्हाई. आन तुमच्यापाशी नर आसंल तर आडोसा करा. लई खुनशी जात, मारंल तिला.”

घरी येऊन मी काळ्याला बादलीत काढला. तो बादलीतून उडी मारून कॉटखाली गेला आणि तिथंही वळवळत माझ्या बोटाला चावायला आला. अखेर शाळेतली मोठी दगडी पाटी आणून टाकीत मधोमध आडवी रोवली, एकीकडे तो, एकीकडे ती. मग खाली बसून मादीकडे नीट पाहिलं. गाल फुगलेले होते, आणि तोंडाच्या फटीतून बारीक बारीक डोळे बाहेर बघत होते.

खरं सांगावं तर उपास संपला, उपास संपला की तहकुबी संपली, तहकुबी संपली की बायको पुन्हा त्या ओढ्याच्या पलीकडे. न सांगावं, तर एक म्हातारी बाई माझ्या खिडकीला रोज हात जोडते आणि मी आत बसून बघतो. मला काकूंची लाज वाटत होती आणि त्याच वेळी रागही येत होता. चार पैसे रोख भाडं देणाऱ्या माणसाला एका चिलापीच्या पुण्याईवर खोली मिळावी, हा काय न्याय? मी पाटी सरळ केली आणि गप्प बसलो.

शनिवारी शाळा सुटल्यावर पासलीला गेलो. एसटी वेल्ह्यापर्यंतच होती, पुढं चिखलातून चालत. ओढ्याला मांडीभर पाणी होतं. बायकोला सगळं सांगितलं, मला वाटलं होतं ती हसेल. ती हसलीही, साबुदाण्यापर्यंत पोट धरून हसली. मग तिने विचारलं, त्या बाईंना सांगितलंत का? मी म्हटलं, तू आलीस, बाळंतपण झालं, की सांगीन.

“तसं न्हाई,” ती म्हणाली. “त्या बाईच्या देवाला फशवून घेतल्याली खोली मला नको. आदी सांगा. ठिवलं तर म्या येते, न्हाई ठिवलं तर हितंच काय व्हायचं ते व्हईल.”

मी तिच्यावर चिडलो. आदल्या वर्षीचं विसरलीस का, असं बोलून गेलो. बोलायला नको होतं. ती भाकरी थापायला बसली, आणि मला कळलं की ती ते एक दिवसही विसरलेली नाही, आणि तरीही तिचं म्हणणं तेच आहे.

सोमवारी पहाटेची एसटी धरली, वेल्हे, विंझर, नसरापूर करत परस्पर शाळेत गेलो, आणि दुपारी घरी आलो तो ठरवूनच, की आज सांगायचं. परसात शिरलो तर पायरीवर नाझर उभे, आत डोकावत, आणि आतून काकूंचा आवाज येत होता की तुम्ही मध्ये येऊ नका. काकू माझ्या खोलीत होत्या. पदर खोचलेला, एक हात कोपरापर्यंत टाकीत, दुसऱ्या हातात त्यांचं स्वयंपाकघरातलं पितळी पातेलं. पाटी कलंडली होती. काळ्याने मादीच्या शेपटीच्या चिंध्या केल्या होत्या आणि आता तो काकूंच्या बांगड्यांवर धडका मारत होता. काकू त्याला उलट्या हाताने बाजूला सारत होत्या आणि अशा शिव्या देत होत्या की त्या त्यांना येत असतील असं मला स्वप्नातही वाटलं नसतं. मादी पातेल्यात आली. पाठोपाठ धूळ उडावी तशी बारीक पिल्लं तिच्याभोवती पसरली, पातेल्यावर हाताची सावली पडताच सगळी गर्रकन वळली आणि तिच्या तोंडात शिरली.

काकूंनी पातेल्यावर चटकन ताटली झाकली. नाझरांना म्हणाल्या, उभे काय राहिलात, तुळशीचं पान आणा. नाझर गेले.

मी म्हटलं, “काकू, ती उपास करत नव्हती. तिच्या तोंडात…”

“पिल्लं आहेत,” काकू म्हणाल्या. “आठव्या दिवशीच कळलं मला. गाल फुगलेले, सारखी आतल्या आत चूळ भरल्यासारखं करते. उपास करणारी बाई अशी दिसत नाही, मास्तर. मी चाळीस वर्षं करतेय.”

मग नाझरसाहेबांना का नाही सांगितलं, असं मी विचारलं. त्या ताटलीवरचा हात न काढता म्हणाल्या की ह्यांना उपास कळतो, पोटुशी बाई कळत नाही. उपास मोडला असता तर ह्यांनी दुसऱ्या दिवशी तुमचं सामान बाहेर काढलं असतं. “तुमच्या बायकोची कार्डं पोस्टमन आमच्याच हातात देतो. उघडी कार्डं, वाचली जातात. आठवा लागलाय ना तिला? आणि मागच्या वर्षीचंही लिहिलं होतं तिने.”

एवढं बोलून त्या बाहेर पडल्या, पातेलं पायरीवर ठेवलं आणि थेट न्हाणीघरात गेल्या. एकामागून एक पाण्याचे तांबे अंगावर घेतल्याचा आवाज मी ऐकत होतो. एक बादली झाली, मग दुसरी. मला जे काही दोन क्षणांपूर्वी वाटलं होतं ते सगळं त्या पाण्याबरोबर मोरीत चाललं. ओल्या केसांनी त्या बाहेर आल्या तेव्हा मला राहवलं नाही.

“काकू, अंघोळ माशाची केलीत, की माझ्या खोलीची?”

त्यांना राग आला नाही. उभ्या राहून त्यांनी खरंच विचार केला.

“माशाची म्हणून सुरू केली,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या बादलीला कळलं, की उंबऱ्याचीही करतेय. सवय आहे, मास्तर. वाईट आहे म्हणाल तर असेल. बायकोला घेऊन या. तिच्या वेळेला मी असेन.”

नाझर सोवळं शोधून, नेसून, तुळशीचं पान घेऊन आले तेव्हा काकूंनी ताटली काढली आणि व्रत फळलं म्हणून सांगितलं. नाझरांनी पिल्लं मोजायचा प्रयत्न केला आणि दीडशेच्या पुढे सोडून दिला. मग स्टँपपेपर आणला. भाडेकरू एकटा राहील ही अट प्रत्यक्षात राहिलेलीच नाही, जागेत एवढे जीव वाढले, आणखी एक माणूस वाढल्याने कलमाला काही फरक पडत नाही, असं म्हणून त्यांनी ती अट खोडली आणि खाडाखोडीवर सही केली. पुढे आयुष्यभर ते लोकांना उपास फळलेल्या माशाची हकीकत सांगत, आणि काकू शेजारी बसून मान डोलवत.

श्रावण सरायच्या आत मी बायकोला आणली. उंबऱ्यातच तिने विचारलं, खरं सांगितलंत? मी म्हटलं, सांगितलं, पण त्यांना आधीच ठाऊक होतं, आपल्यासाठीच त्या गप्प राहिल्या होत्या. तेव्हा कुठे तिने पिशवी आत ठेवली. तिला ती टाकी आवडली नाही. काळ्याला बघून म्हणाली, ह्याला कालवणात टाका. ते काही झालं नाही. पिल्लं मोठी झाली तशी मी ती धरणात नेऊन सोडली, आणि काळा एकटा काचेशी भांडत आणखी दोन वर्षं जगला.

आश्विनात एका सकाळी तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मी टांगा बघायला धावलो. टांगा घेऊन आलो तेव्हा काकू बायकोला धरून पायरी उतरत होत्या, अंघोळ झालेली, केस ओले. दवाखान्यात त्या दिवसभर बसल्या. दुपारी मुलगी झाली. नर्सने तिला धुऊन पुसून आणली ती आधी काकूंच्याच मांडीवर दिली. काकूंनी तिचं नाक, कान, बोटं सगळं नीट तपासलं.

संध्याकाळी त्या घरी परतल्या. पेज न्यायला मीही त्यांच्याबरोबरच आलो आणि खोलीत जाऊन दाराशी बसलो. दवाखान्यातून आलं की त्यांच्याकडे कुणीही असो, आधी अंघोळ करतो, हे मला माहीत होतं. मी न्हाणीघराकडे कान लावून होतो. काकू आल्या तशाच स्वयंपाकघरात गेल्या, तांदूळ धुतले, पेज शिजवली, डब्यात भरली. उंबरा ओलांडून आत आल्या, डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, गरम आहे तोवर न्या. अंघोळ त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी केली, रोजच्या वेळेला.